ज्यांनी पहार न लावता आमच्या जिप्सीचा गिअरबॉक्स उतरवला त्या मिस्त्री काकांना

मिस्त्री काका, नमस्कार.

तुम्ही स्वतः हे वाचणार नाही हे माहितेय मला, चष्मा शोधायचाच कंटाळा तुम्हाला, पण तुमच्या पुतण्याला पाठवतेय आणि त्याला बजावून सांगितलंय की पूर्ण वाचून दाखवायचं, मधेच "बरां बरां, पुरे" म्हणून उठलात तरी. त्या दिवशी तोंडावर आभार मानायला आले तर तुम्ही हात झटकलेत आणि साबण मागायच्या निमित्ताने विहिरीकडे निघून गेलात. म्हणून आता सगळ्यांसमोर मानते.

बाकी वाचणाऱ्यांसाठी थोडं सांगायला हवं. गाडी म्हणजे बाबांची जिप्सी, लष्कराच्या लिलावातून दोन-तीन हात फिरत आमच्याकडे आलेली, १२९८ सीसीवाली. (जिप्सी पहिल्यांदा आली १९८५ मध्ये तेव्हा इंजिन ९७० सीसीचं होतं, १९९६ मध्ये जिप्सी किंग आली आणि मग १३००चं इंजिन बसलं, हे बाबा घरी येणाऱ्या प्रत्येकाला सांगतात, गॅस सिलिंडरवाल्यालाही.) देवगडच्या बाजूला कातळावर आमची कलमं आहेत, तिथं जायचा रस्ता म्हणजे रस्ता म्हणायची पद्धत आहे म्हणून म्हणायचं, एरवी नुसता दगड. सीझनला आंब्याच्या पेट्या खाली डांबरी रस्त्यापर्यंत आणायचं काम हीच गाडी करते. मधे बाबांच्या गुडघ्यांचं ऑपरेशन झालं, आंबा भावकीतल्या एकाच्या पिकअपमधून गेला, आणि जिप्सी खाडीच्या बाजूच्या मांगरात, म्हणजे आमच्या शेडमध्ये, उभी राहिली ती राहिलीच. आमच्याकडे चार महिने धो धो पाऊस आणि उरलेले महिने खारं वारं. पुढचं कोकणातल्या माणसाला सांगायला नको. सायकलची चेन आठवड्यात लाल होते आमच्याकडे.

बाबा बरे होऊन गाडीत बसले, बॅटरी नवी टाकली, इंजिन मस्त चालू झालं, पण क्लच पूर्ण दाबला तरी गिअर पडेना, नुसतं कर्रर्र. क्लच प्लेट फ्लायव्हीलला, म्हणजे इंजिनच्या मागच्या जड चाकाला, गंजून चिकटली होती. हे ओळखणं कठीण नव्हतं, पण क्लच प्लेटचं तोंड बघायचं तर आधी गिअरबॉक्स इंजिनपासून सुटून मागं सरकायला हवा, आणि तिथंच आमचं घोडं अडलं.

तालुक्याला एक मोठं गॅरेज आहे, नाव घेत नाही, घ्यायची गरजही नाही, काचेची केबिन, भिंतीवर टीव्ही, बिल कॉम्प्युटरवर. टो करून गाडी तिकडे नेली. त्यांनी गिअरचा दांडा काढला, शाफ्ट काढला, स्टार्टर काढला, बेल हाऊसिंगचे, म्हणजे गिअरबॉक्स इंजिनला जिथं जोडतो त्या तोंडाचे, सगळे बोल्ट काढले आणि गिअरबॉक्स हलेना. मग दोन पोरं, दोन पहारी. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधल्या फटीत पहारीची टोकं घालून दोघं दोन्हीकडून लोंबकळत होती, हे मी स्वतः बघितलं. केसिंग अल्युमिनियमचं आहे हो, पहार लोखंडाची. फटीच्या कडेला खाचा पडल्या, एका कोपऱ्याचा टवका उडाला, गिअरबॉक्स मात्र तसाच. त्यानंतर त्या गॅरेजात काम काहीच झालं नाही, फक्त सल्ले मिळाले. आधी म्हणे इंजिनसकट एकत्र उतरवायला लागेल. मग म्हणे कटर मारून केसिंग कापतो, तुम्ही सेकंड हँड केसिंग बघून ठेवा. शेवटी मॅनेजर मला बाजूला घेऊन म्हणाला, "मॅडम, अंकलना समजवा, एवढा खर्च करण्यापेक्षा भंगारात द्या, वजनावर चांगला भाव काढून देतो."

अंकल तिथंच उभे होते. चार फुटांवर. काठी घेऊन.

मला तो टवका एक वेळ चालला असता, पण ते "अंकलना समजवा" अजून डोक्यातून जात नाही. ज्या माणसाने ती गाडी इतकी वर्षं स्वतःच्या हाताने धुतली त्याच्याशी बोलायचंच नाही, त्याच्याबद्दल बोलायचं, तेही त्याच्या देखत. बाबा काही बोलले नाहीत. टेम्पो बोलावून गाडी घरी आणली. सोबत सिमेंटच्या गोणीत सगळे नटबोल्ट एकत्र भरून दिले, गाडी ठेवल्याचं भाडं मात्र वेगळं लावलं.

आणि मग तुम्ही आलात काका. कुणी नाव सुचवलं तेही गमतीचं, मच्छी घेऊन येणाऱ्या बाईंनी. खळ्यात टेम्पोतून उतरवलेली जिप्सी बघून त्या म्हणाल्या, आमच्या वाडीत एसटीतून रिटायर झालेले मिस्त्री आहेत, बघा विचारून. बघा, गाड्यांची माहिती कुणाला असते. तुम्ही स्कूटरवरून आलात, पायात स्लीपर, एक पिशवी. माझा उत्साह त्या पिशवीकडे बघून थोडा उतरलाच होता, एवढ्याशा पिशवीत काय असणार.

तुम्ही गाडीच्या आधी बाबांकडे गेलात. त्यांच्या शेजारी पायरीवर बसलात आणि विचारलंत, "गाडी कधीपासून उभी आसा?" एवढ्या दिवसांत हा प्रश्न कुणीही विचारला नव्हता. बाबा सुरू झाले ते लष्कराच्या लिलावापासून, १९८५ आणि ९७० सीसी सगळं आलं त्यात, आणि तुम्ही ऐकलंत. मधे मधे विचारत होतात, छप्पर गळतं का, कुठल्या बाजूने वारं येतं, शेवटचा क्लच कधी पडला होता. मग गाडीखाली गेलात. त्याआधी आमच्या गड्याने टेकू म्हणून चिरे आणून ठेवले होते ते बघून एकच वाक्य, "चिरो नको, चिरो फुटता, ओंडको हाड." (हाड म्हणजे आण.) खाली माणूस झोपणार असेल तर जांभ्या दगडावर गाडी ठेवायची नसते हे मला त्या दिवशी कळलं, आणि आमच्याकडे अर्ध्या गावात अशाच गाड्या चिऱ्यांवर उभ्या आहेत हेही आठवलं. वाचणाऱ्यांपैकी कुणाची असेल तर आधी ते काढा.

टॉर्च लावून तुम्ही कितीतरी वेळ नुसते बघत होतात. बोट त्या फटीवरून फिरवत होतात गोल. खालून बाहेर आलात तेव्हा म्हणालात, आधी परत भुतूर, म्हणजे आत, ढकलूया.

मी म्हटलं, काका, बाहेर काढायचाय.

टेबलाचा खण तिरका ओढला की अडकतो, मग कितीही ताकद लावा तो आणखीच घट्ट होतो, आधी आत ढकलून सरळ करावा लागतो, तसंच झालं होतं म्हणे. पहारींनी वरची फट उघडली होती, खालची बंद. इंजिन आणि गिअरबॉक्स एकमेकांसमोर नेमके बसावेत म्हणून मधे दोन पोलादी डॉवेल असतात, बोटाएवढ्या खुंट्या. त्या खुंट्यांवरून केसिंग सरळच्या सरळ मागं आलं पाहिजे, जरा तिरकं झालं की खुंटी भोकात चावते. शिवाय गिअरबॉक्सचा पुढचा शाफ्ट क्लच प्लेटच्या मधून आरपार गेलेला, त्याच्यावर सगळं वजन लोंबकळलं की तो पण आवळतो. म्हणजे ती दोन पोरं जेवढी जोरात लटकत होती तेवढं ते जास्त घट्ट होत होतं. हे त्या काचेच्या केबिनीत कुणालाच माहीत नसेल असं मला वाटत नाही. माहीत असेल. पण वेळ कुणाला आहे.

तर तुम्ही गोणी ओतलीत, बोल्ट एकेक पुसून लांबीप्रमाणे वर्तमानपत्रावर मांडलेत, त्यातले चार लावून गिअरबॉक्स परत इंजिनला घट्ट बसवलात. आमच्या गड्याचा चेहरा बघण्यासारखा होता, मिस्त्री उलटं काम करतोय. मग फटीतून जी पांढरी भुकटी पडत होती ती बोटावर घेऊन बाबांना दाखवलीत. अल्युमिनियमचा गंज पांढरा असतो. पोलाद आणि अल्युमिनियम चिकटून असले आणि मधे खारी ओल शिरली की अल्युमिनियम खाल्लं जातं, आणि ती भुकटी मूळ धातूपेक्षा जास्त जागा घेते, ती फुगून खुंटीला आवळून बसते. म्हणून बोल्ट एकही नसताना गिअरबॉक्स हलत नव्हता.

बाकी काय काय केलंत ते सगळं लिहीत नाही, मला नीट सांगताही येणार नाही. स्टिअरिंग ऑइलमध्ये थिनर घालून बाटली हलवून हलवून थेंब थेंब सोडत होतात ते आठवतंय. आणि गरम पाणी! आईने बंब पेटवून दिला, तिला आधी वाटलं मिस्त्रींना आंघोळीला हवंय. उकळत्या पाण्यात फडकी बुडवून तुम्ही ती केसिंगवर नेमक्या खुंट्यांच्या जागी बांधत होतात, गार झाली की दुसरी. गड्याने विचारलं गॅसची बत्ती का नाही लावत, तर वर पेट्रोलचा पाइप आहे म्हणून त्याला असं झापलंत की तो परत काही बोललाच नाही. अल्युमिनियम तापलं की पोलादाच्या जवळपास दुप्पट फुगतं. अर्थात दुप्पट म्हणजे तरी किती, केसाच्या जाडीपेक्षाही कमी, पण तेवढ्यात तेल आत शिरतं. नंतर लाकडी ठोकळा ठेवून हलकेच टक टक. मग तुम्ही हात धुतलेत आणि म्हणालात, "तेल मुरूक व्हया. सकाळी बघूया." आणि चक्क घरी गेलात. मला त्या रात्री झोप आली नाही, बाबा मात्र बऱ्याच दिवसांनी लवकर झोपले.

सकाळी जॅकवर फळी ठेवून गिअरबॉक्सचं वजन तोललंत, इंजिनखाली दुसरा जॅक. बाबांना खुर्ची देऊन बाजूला बसवलंत आणि हातात हॅक्सॉचं पातं दिलंत, काम असं की फट उघडायला लागली की पातं वर, खाली, दोन्ही बाजूंना घालून बघायचं, चारी ठिकाणी सारखं जातंय का. बाबा "वर सैल, खाली घट्ट" सांगणार, तुम्ही जॅक अर्धा फेरा फिरवणार. असं ते दोघांचं बराच वेळ चाललं. दोन्ही म्हातारे एकमेकांशी त्याशिवाय एक शब्द बोलत नव्हते. आणि मग तो आला. काही धाडकन आवाज वगैरे नाही, नुसता सर्रकन मागं, आणि आतून गंजाचा लाल चुरा खळ्यात पडला. आईने टाळ्या वाजवल्या. गड्याने सुद्धा.

पण काका, हे पत्र मी त्या क्षणासाठी लिहीत नाहीये. ते झालं नसतं तरी चाललं असतं, आणखी एक दिवस तेल मुरवलं असतं. मी लिहितेय ते नंतरच्या एका गोष्टीसाठी.

नवी क्लच प्लेट बसली, पहारीच्या खाचा तुम्ही कानशीने घासून सपाट केल्यात, कारण कड उंच राहिली तर गिअरबॉक्स परत तिरका बसेल. (कानस चालवताना त्या गॅरेजबद्दल एक वाईट शब्द काढला नाहीत. मी दोन-तीनदा विषय काढून बघितला. तुम्ही फक्त म्हणालात की ती पोरां शिकतत अजून.) मग गिअरबॉक्स परत चढवायची वेळ आली. सगळं तयार, गडी जॅकच्या दांड्यावर हात ठेवून उभा. तुम्ही थांबा म्हणालात. पिशवीतून ग्रीसचा एक छोटा डबा काढलात, डबा कसला, झेंडू बामची जुनी बाटली होती ती. घासून चकचकीत केलेल्या त्या दोन खुंट्यांवर करंगळीने ग्रीस लावलंत. अगदी पातळ, जास्त लागलं तिथं फडक्याने पुसून घेतलंत, उडून क्लचवर जाईल म्हणून. एका खुंटीला लावलंत, मग वाकून दुसरीला, तिथं हात पोचत नव्हता म्हणून परत आडवे झालात, गुडघ्यातून कटकन आवाज आला तुमच्या. मी विचारलं हे कशाला? गाडी चालायला त्याची काही गरज नव्हती. तुम्ही माझ्याकडे बघितलं पण नाहीत.

"फुडे कोण खोलतलो, तेका तरास नको."

एवढंच. आणि जॅक वर घ्यायला सांगितलात.

मी तेव्हापासून त्या वाक्याभोवतीच फिरतेय. कोण खोलणार आहे पुढे? बाबा पंच्याहत्तरीला आले, गाडी आता लांब कुठं जात नाही, एक क्लच प्लेट आमच्याकडे कितीतरी वर्षं पुरेल. तो जो कोणी असेल तो आज कदाचित शाळेत असेल. कुठल्यातरी पावसाळ्यात तो ह्या गाडीखाली झोपेल, बोल्ट काढेल, गिअरबॉक्स निमूट मागं येईल आणि त्याला कळणारही नाही की इथे कुणीतरी त्याच्यासाठी गुडघे दुखवून घेतले होते. काम अडलं नाही तर माणूस का अडलं नाही ते विचारत नाही. म्हणजे ह्या कामाचं श्रेय तुम्हाला कधीही, कुणाकडूनही मिळणार नव्हतं, आणि तुम्हाला त्याचं काहीच वाटत नव्हतं.

नंतर चहाला बसलात तेव्हा बाबांनी काढून घेतलं तुमच्याकडून. एसटीच्या वर्कशॉपात पाळ्या असायच्या, सकाळच्या पाळीने बांधलेली गाडी रात्रीच्या पाळीतला दुसराच कोणीतरी खोलायचा, आणि त्याने शिव्या घातल्या तर दुसऱ्या दिवशी कानावर यायच्या. म्हणून सवय लागली म्हणालात. आता बघा, १ जून १९४८ ला पहिली एसटी पुण्याहून नगरला गेली म्हणून दरवर्षी आपण सगळे स्टेटस टाकतो, लाल परी, हार, नारळ, त्या गाड्यांखाली आयुष्यभर आडवी झालेली माणसं कोण होती ते कुणाला माहीत नाही. त्यातले एक आमच्या शेजारच्या वाडीत राहतात आणि आम्हाला मच्छीवाल्या बाईंनी सांगावं लागलं.

खरं सांगते, मी पुण्यात ज्या ऑफिसात काम करते तिथं सगळे हुशार आहेत, पण पुढच्या माणसासाठी ग्रीस लावणारा मला एक दाखवा. जो तो आपला बोल्ट आवळतो आणि निघतो, पुढचा बघून घेईल. आम्हीही दुसऱ्याच्या फायली उघडतो तेव्हा आत नुसता गंज. आणि तरी अशी माणसं असतात अजून, ते पण आहे. बाबांच्या ऑपरेशनच्या वेळी वॉर्डातल्या एक मावशी ड्यूटी संपल्यावर पलंगाचा कर्रकर्रणारा खटका तेल घालून ठीक करून गेल्या, पेशंट उद्या बदलणार हे माहीत असून. आमच्या आजीला पण सवय होती, घागर रिकामी ठेवून कधी झोपायची नाही, रात्री कोण तहानेला येईल म्हणून. ह्यांची गणती कुठं होत नाही. पण तुमच्यामुळे मला आता ती दिसायला लागलीयेत, जिथं तिथं.

पैशाचं बोलायचं राहिलं. तुम्ही जे घेतलंत त्यात त्या गॅरेजचं पार्किंगचं भाडंही निघालं नसतं. बाबांनी जास्त द्यायचा प्रयत्न केला तर "माझी पेन्शन चालू आसा" म्हणालात. काका, पेन्शन एसटीतल्या कामाची, ह्या कामाची नाही. सीझनला पहिल्या तोडीच्या दोन पेट्या तुमच्याकडे येतील, नाही म्हणायचं नाही, गडी दारात ठेवून पळून येईल असं त्याला शिकवून ठेवलंय.

बाबा आता रोज गाडी काढतात. मीठ संपलं तरी गाडी. काठी मागच्या सीटवर टाकलेली असते. गॅरेजवाल्या मॅनेजरसमोरून मुद्दाम एकदा हॉर्न देत जाऊन आले, हे मला आईकडून कळलं, त्यांनी स्वतः काही सांगितलं नाही.

आणि आता एक तक्रार. मधला जो छोटा शाफ्ट आहे ना, गिअरबॉक्सकडून ट्रान्सफर केसकडे, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या डब्याकडे, जाणारा, तिथून चौथ्या गिअरला घूंऽऽ असा बारीक आवाज येतोय. बाबा म्हणतात आधीपासूनच होता, आई म्हणते अजिबात नव्हता, दोघांचं त्यावरून दोन दिवस वाजलंय. रविवारी येऊन एकदा ऐकून जा. बांगडे आणून ठेवते, सुरमई मिळाली तर सुरमई. आणि ह्या वेळी पैसे पूर्ण घ्यायचे.

तुमची,
जिप्सीवाल्यांची मुलगी